मक्याची माणसे, पाचवा सूर्य आणि आपला बाप्पा

चतुर्थीच्या आदल्या दिवशी देवराज मार्केटमध्ये झेंडूचे जे ढीग लागतात, तो झेंडू मूळचा मेक्सिकोचा. हारात मधूनमधून ओवलेला निशिगंधही तिकडचाच. उपासाच्या ताटातला राजगिरा, रताळे, बटाटा, शेंगदाणा, आणि ज्या कंदापासून आपल्याकडे साबुदाणा होतो तो कंदसुद्धा अमेरिका खंडातला. वरीचे तांदूळ बाजूला ठेवले तर आपला उपास जवळजवळ पूर्णपणे परदेशी आहे, असे म्हटले तर आपल्या मोहल्ल्यातील आजीबाई मला मंडपात उभे राहू देणार नाहीत. पण वस्तुस्थिती तीच आहे. सोळाव्या शतकापासून, बहुतांशी पोर्तुगीजांच्या जहाजांतून, ही पिके आणि फुले आपल्याकडे आली आणि घरचीच होऊन बसली.

ही पिके ज्यांनी हजारो वर्षे जोपासली त्या लोकांचे देव कसे होते, जग कसे निर्माण झाले असे ते मानत, हा माझ्या आवडीचा विषय. मी डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला माणूस. रूळ, स्लीपर आणि खडी यांत वीस-बावीस वर्षे गेली, इतिहास हा सुटीच्या दिवशीचा छंद. तेव्हा लेखात पांडित्य शोधू नये. पण विषय निघण्याचे कारण मात्र आपल्या मंडळातलेच आहे. देखाव्याच्या बैठकीत एका उत्साही कार्यकर्त्याने मोबाईलवर एक चित्र दाखवले. घनदाट जंगल, जुना दगडी खांब, त्यावर सोंडेसारखे काहीतरी, आणि खाली मजकूर : 'अमेरिकेत सापडला प्राचीन गणपती'. यंदा हाच देखावा करू या, असे त्याचे म्हणणे. सर्वांनी माना डोलावल्या. मी म्हटले, आधी तो खांब कुठला ते पाहू.

तो खांब आहे मध्य अमेरिकेतील होंडुरास देशात, कोपान या माया लोकांच्या नगरात. अभ्यासक त्याला 'स्तंभ ब' म्हणतात. त्याच्या माथ्याच्या दोन्ही कोपऱ्यांवर लांब, खाली वळलेली नाकाडे आहेत. १९२४ साली इलियट स्मिथ या इंग्लंडमधील नामांकित शरीरशास्त्रज्ञाने एक अख्खे पुस्तक लिहून ही नाकाडे हत्तीची आहेत, असे ठासून सांगितले. आपल्याकडे भिक्षू चमनलाल यांचे 'हिंदू अमेरिका' हे पुस्तक १९४० मध्ये निघाले आणि ही कल्पना घरोघर गेली. त्यातच 'माया' हा शब्द! मयासुर, मयसभा, सगळे जुळूनच आले. प्रत्यक्षात त्या लोकांचे हे नाव युकातान प्रांतातील मायापान या नगराच्या नावाशी जोडलेले आहे.

नाकाडे कोणाची, याचे उत्तर स्मिथसाहेबांच्या पुस्तकाआधीच, १९१० साली, टॉझर आणि अ‍ॅलन या दोघा अमेरिकन अभ्यासकांनी दिले होते. ती मकाव जातीच्या मोठ्या पोपटाची चोच आहे. चोचीच्या मुळाशी नाकपुडी आणि डोळ्याभोवतीच्या सुरकुत्या मकावसारख्याच आहेत. तरी वाद चालू राहिला, कारण खांबावरचा मजकूर तेव्हा कोणालाच वाचता येत नव्हता. चित्र दिसत होते, अक्षर कळत नव्हते. अशा वेळी ज्याच्या मनात जे असेल ते त्याला दिसते.

ती अक्षरे लागली त्याची कथा कादंबरीसारखी आहे. १५६२ साली युकातानमधील मानी या गावी दिएगो दे लांदा या स्पॅनिश पाद्र्याने माया लोकांच्या मूर्ती आणि पोथ्या सैतानाच्या म्हणून जाळल्या. आज जगात त्यांच्या फक्त चार पोथ्या उरल्या आहेत. मात्र याच लांदाने पुढे लिहिलेल्या पुस्तकात माया लिपीची एक अर्धवट 'बाराखडी' टिपून ठेवली होती. तिचा धागा धरून १९५२ मध्ये युरी क्नोरोझोव्ह या रशियन संशोधकाने ही लिपी ध्वनीप्रमाणे वाचता येते हे दाखवले. मग १९६० मध्ये तातियाना प्रोस्कुरियाकोफ या विदुषीने सिद्ध केले, की ज्या स्तंभांवरील आकृतींना इतकी वर्षे देव आणि पुरोहित समजले जात होते, ते हाडामांसाचे राजे आहेत, आणि भोवतालच्या तारखा त्यांच्या जन्माच्या, राज्यारोहणाच्या आहेत.

कोपानचा स्तंभ ब इ.स. ७३१ मधला. त्यावर उभा आहे तो कोपानचा तेरावा राजा, वाशाक्लाहून उबाह काविल. वर ज्या डोंगराचे रूप कोरले आहे तो 'मकाव पर्वत', आणि कोपऱ्यांवर अर्थातच मकाव. पुढे ७३८ मध्ये किरिग्वा या शेजारच्या, एकेकाळी मांडलिक असलेल्या नगराच्या राजाने त्याला पकडून त्याचा शिरच्छेद केला. म्हणजे आपल्या देखाव्यात आपण ज्याच्यापुढे आरती ओवाळणार होतो तो एक दुर्दैवी राजा होता, आणि त्याच्या डोक्यावर पोपट होते.

चाक नावाचा माया लोकांचा पर्जन्यदेव आहे, त्याचेही नाक लांब आणि वळलेले असते. उश्माल आणि काबाह येथील इमारतींवर त्या धाटणीचे शेकडो मुखवटे आहेत, त्यांनाही 'गणपती' म्हणणारे आहेत. चाकाच्या हातात कुऱ्हाड असते, ती म्हणजे वीज. ढगावर कुऱ्हाड मारली की पाऊस पडतो. आता गणपतीच्या हातातही परशू आहे, हे खरे. पण आपला गजमुख गणेश सर्वत्र पूजेत दिसू लागतो तो साधारण गुप्तकाळात, इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकात, आणि चाकाच्या प्रतिमा त्याच्याही कितीतरी आधीच्या आहेत. मग कोण कोणाकडे गेले म्हणायचे?

एवढे खंडन पुरे. त्यांच्या देवांची स्वतःची गोष्ट इतकी सुरेख आहे, की तीत आपला देव घुसवायची गरजच पडत नाही.

ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात किचे माया लोक राहतात. त्यांचा 'पोपोल वूह' हा ग्रंथ आपल्यापर्यंत पोचला तो फ्रान्सिस्को शिमेनेझ या पाद्र्यामुळे. इ.स. १७०१ च्या सुमारास चिचिकास्तेनांगो गावात त्याने मूळ किचे मजकूर उतरवून घेऊन शेजारी स्पॅनिश भाषांतर लिहिले. एका पाद्र्याने पोथ्या जाळल्या, दुसऱ्याने एक वाचवली. ग्रंथाची सुरुवात शांत आकाश आणि निश्चल पाणी यांनी होते. पिसांचा सर्प आणि आकाशाचे हृदय असे देव एकमेकांशी बोलतात, आणि 'पृथ्वी' असे म्हणताच पृथ्वी होते. मग त्यांना हवा असतो कोणीतरी, जो त्यांचे नाव घेईल, त्यांची आठवण ठेवील. प्राणी केले, त्यांना बोलता येईना. मातीचा माणूस केला, तो पाण्यात विरघळला, मान वळेना. मग लाकडाची माणसे केली. ती बोलू लागली, चालू लागली, त्यांना पोरेबाळे झाली. पण त्यांच्यात हृदय नव्हते, आणि आपल्याला कोणी केले याची त्यांना आठवण नव्हती. देवांनी पूर आणला, काळ्या डिंकाचा पाऊस पाडला. आणि मग घरातल्या वस्तूच उठल्या. पाटा-वरवंटा म्हणाला, रोज पहाटेपासून तुम्ही आम्हाला घासले, आता आम्ही तुम्हाला वाटतो. तवे, मडकी, उपाशी ठेवलेली कुत्री, सगळी अंगावर आली. त्यांतून जे वाचले त्यांची माकडे झाली.

जगातल्या प्रलयकथा पुष्कळ वाचल्या, पण पाट्या-वरवंट्याने केलेले बंड दुसरीकडे माझ्या वाचनात नाही. ज्याने कधी घरात चटणी वाटली आहे त्याला ते पटकन कळेल.

शेवटी कोल्हा, रानकुत्रा, पोपट आणि कावळा यांनी देवांना पाशिल नावाच्या ठिकाणी नेले. तिथे पिवळा आणि पांढरा मका होता. श्मुकाने या आजीदेवतेने तो नऊ वेळा दळला आणि त्या पिठापासून पहिली चार माणसे घडली. ती इतकी उत्तम झाली की त्यांना सगळे जग बसल्या जागी दिसू लागले. देवांना भीती वाटली. आरशावर फुंकर मारल्यावर तो जसा धूसर होतो, तशी त्यांनी माणसांची दृष्टी धूसर केली. तेव्हापासून आपल्याला फक्त जवळचे दिसते.

याचा अर्थ लावण्यासाठी दूरचे तत्त्वज्ञान लागत नाही, शेत लागते. मका ही रानात आपोआप उगवणारी वनस्पती नव्हे. मेक्सिकोतील बाल्सास नदीच्या खोऱ्यातल्या तेओसिंते या गवतापासून सुमारे ९००० वर्षांपूर्वी माणसाने ती घडवायला सुरुवात केली. कणसाचे दाणे आवरणात घट्ट बांधलेले असतात, माणसाने सोलून पेरल्याशिवाय त्याची पुढची पिढी नीट उभी राहत नाही. माणसावाचून मका नाही आणि त्या मुलुखात मक्यावाचून माणूस नाही. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून पाट्यावर वाटायची त्यांची रीत आहे, त्यामुळे त्यातले पोषण अंगी लागते. नऊ वेळा दळणारी आजी ही त्या रोजच्या कामाची देवता आहे. आपल्याकडे गीतेच्या तिसऱ्या अध्यायात प्राणी अन्नापासून होतात असे सांगितले आहे. तेच इथे पिठाच्या गोळ्यातून सांगितले आहे.

याच ग्रंथात हुनाहपू आणि श्बालांके या जुळ्या भावांची गोष्ट आहे. त्यांच्या वडिलांना पाताळातील मृत्युदेवांनी चेंडूच्या खेळासाठी बोलावून मारले आणि त्यांचे शिर एका झाडाला टांगले. पाताळातल्या एका मुलीने हात पुढे केला, शिर तिच्या तळहातावर थुंकले आणि तिला दिवस राहिले. तीच ही जुळी मुले. पुढे तीही पाताळात गेली. तिथे एका वटवाघळाने हुनाहपूचे डोके उडवले. भावाने भोपळा कोरून त्याच्या धडावर बसवला, आणि दुसऱ्या दिवशी खेळ चालू असताना युक्तीने खरे डोके परत मिळवले. शिर उडाले, दुसरे बसवले. आपल्या मंडळींना लगेच काय आठवणार हे मी जाणून आहे! पण आपल्या कथेत हत्तीचे शिर कायमचे राहते आणि त्यातूनच देव पूर्ण होतो, तिथे भोपळा एका रात्रीपुरता. त्यांच्याकडे शिर तुटणे म्हणजे कणीस खुडणे. कार्ल टॉब या अभ्यासकाने १९८५ मध्ये दाखवून दिले, की जुन्या माया भांड्यांवर जो लांबट कपाळाचा देखणा तरुण वारंवार दिसतो तो मक्याचा देव आहे, आणि त्याच्या डोक्याचा आकार म्हणजे केसर असलेले कणीस. काही भांड्यांवर तो कासवाच्या फुटलेल्या पाठीतून वर येताना दाखवला आहे. कासव म्हणजे पृथ्वी. खुडलेले डोके मातीत जाते आणि पावसाळ्यात वर येते. २००१ साली ग्वाटेमालात सान बार्तोलो येथे सापडलेल्या, इ.स.पूर्व १०० च्या सुमाराच्या भित्तिचित्रांतही हाच देव आहे. म्हणजे शिमेनेझने जी कथा लिहून घेतली तिच्या मुळाशी किमान अठराशे वर्षांची परंपरा होती.

आता उत्तरेकडे, आजच्या मेक्सिको शहराच्या जागी १३२५ साली वसलेल्या तेनोच्तित्लानकडे जाऊ. हे अ‍ॅझ्टेक लोकांचे. त्यांच्या मते आपण पाचव्या सूर्याच्या युगात राहतो. आधीचे चार सूर्य गेले : एक वाघासारख्या जाग्वारांनी संपवला, एक वाऱ्याने, एक आगीच्या पावसाने, एक पुराने. पाचव्याच्या वेळी अंधारात देव तेओतिवाकान येथे जमले. सूर्य कोण होणार? तेकुसिस्तेकात्ल नावाचा श्रीमंत, डौलदार देव पुढे झाला. दुसरा उमेदवार नानावात्झिन, अंगभर फोड, गरीब. श्रीमंत देव चार वेळा आगीपर्यंत धावत गेला आणि चार वेळा थबकला. नानावात्झिनने डोळे मिटले आणि उडी घेतली. तो सूर्य झाला. मग लाजून दुसऱ्यानेही उडी मारली, तो चंद्र. तोही सूर्याइतकाच तळपू लागला, तेव्हा एका देवाने त्याच्या तोंडावर ससा फेकून मारला. म्हणून चंद्र मंद, आणि त्यावर सशाचा डाग.

गर्विष्ठ चंद्राला शिक्षा! चतुर्थीला चंद्र न पाहणाऱ्या आपल्या लोकांना हे घरचेच वाटेल. त्यात आपणही चंद्राला शशांक म्हणतो. याचे एक साधे कारण मला नकाशात सापडले. मुंबई आणि मेक्सिको शहर दोन्ही साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. दोन्हीकडून उगवणारा चंद्र त्याच कलाने दिसतो, त्यावरचे डाग तसेच दिसतात, आणि डागांचा आकार खरोखर सशासारखा आहे. पाऊसही तिकडे उन्हाळ्याच्या शेवटी सुरू होऊन ऑक्टोबरपर्यंत टिकतो. मे आणि जुलैमध्ये सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली नाहीशी होते. आपल्या म्हैसूरला तो दिवस एप्रिलच्या उत्तरार्धात आणि पुन्हा ऑगस्टमध्ये येतो. शोचिकाल्को येथे या लोकांनी गुहेच्या छतातून उभी नळी काढली आहे, त्या दिवसांत सूर्याचा झोत सरळ गुहेच्या तळाशी पडतो. मोजमापाचे काम करणाऱ्या माणसाने टोपी काढावी असे ते बांधकाम आहे. सारखे आकाश, सारखा पाऊस, म्हणून काही गोष्टी सारख्या. जहाजे कशाला हवीत?

आणि जिथे फरक आहे तिथे तो मोलाचा आहे. आपल्याकडे गरुड आणि नाग हाडवैरी. त्यांचा केत्झालकोआत्ल हा पिसांचा साप, म्हणजे पक्षी आणि साप एकाच देहात, आकाश आणि जमीन यांची गाठ. पाचव्या युगातील माणसांसाठी पाताळात जाऊन आधीच्या माणसांची हाडे हाच आणतो. वाटेत ती पडून फुटतात, म्हणून माणसे लहानमोठी झाली, असे कथा सांगते. हाडांचे पीठ करून त्यावर देवांनी आपले रक्त शिंपडले. नंतर माणसांनी खायचे काय म्हणून तोच देव मुंगी झाला आणि अन्नाच्या डोंगरात शिरून मक्याचे दाणे घेऊन आला. देव मुंगी होतो, ही कल्पना ज्ञानोबा-तुकोबांच्या लोकांना परकी वाटू नये.

देवांनी रक्त दिले, तेव्हा माणूस ऋणी. या ऋणाच्या कल्पनेतून अ‍ॅझ्टेकांचे नरबळी आले. त्यांच्या भाषेत बळीला 'ऋणफेड' अशाच अर्थाचा शब्द होता. अर्थ कळला म्हणजे कृत्य क्षम्य ठरते असे मी मानत नाही. पण ते निव्वळ क्रौर्य होते असे म्हणणाऱ्याला त्यांच्यातले काहीच कळणार नाही, इतकेच.

देवकथांचा अर्थ लावायच्या पद्धती निरनिराळ्या, आणि यात आपल्या मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. ज्या १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला त्याच साली लोकमान्य टिळकांचा 'ओरायन' प्रसिद्ध झाला. वेदातल्या कथांमध्ये मृगशीर्षाचे स्थान शोधून टिळकांनी वेदांचा काळ मोजायचा प्रयत्न केला. त्यांच्या दृष्टीने कथा म्हणजे आकाशाची नोंदवही. साधारण त्याच काळात एदुआर्द सेलर हा जर्मन पंडित अ‍ॅझ्टेक कथा तशाच वाचत होता. त्यांची एक कथा अशी : कोआत्लिकुए देवी सर्पपर्वतावर झाडलोट करीत असता आकाशातून पिसांचा गोळा पडतो, ती तो छातीशी ठेवते आणि गर्भवती होते. तिची मुलगी कोयोल्शाउकी आणि चारशे मुलगे तिला मारायला निघतात. तेवढ्यात विट्झिलोपोच्त्ली शस्त्रासह जन्मतो, आईचे रक्षण करतो आणि बहिणीचे तुकडे करून डोंगरावरून लोटून देतो. सेलरने म्हटले : मुलगा सूर्य, बहीण चंद्र, चारशे भाऊ तारे, ही रोजची पहाट. सुंदर उकल. पण फेब्रुवारी १९७८ मध्ये मेक्सिको शहरात वीज कंपनीचे कामगार खोदत असता सव्वातीन मीटर व्यासाची गोल शिळा लागली. तीवर तुकडे केलेली कोयोल्शाउकी कोरलेली होती, आणि ती शिळा होती मुख्य देवळाच्या पायऱ्यांच्या तळाशी. देऊळ म्हणजेच सर्पपर्वत, वर विट्झिलोपोच्त्ली, खाली पडलेली बहीण. बळींची शरीरे त्याच पायऱ्यांवरून खाली लोटली जात. आकाशातली पहाट जमिनीवर राज्यसत्तेच्या कामी आली होती, हे उत्खनन करणारे एदुआर्दो मातोस मोक्तेसुमा यांच्या लेखनातून कळते.

आपल्याकडे ही जमिनीवरची नजर धर्मानंद कोसंबींचे चिरंजीव दा. ध. कोसंबी यांनी दिली. ते पुण्याहून मुंबईला डेक्कन क्वीनने नोकरीला जात, हे सांगताना आम्हा रेल्वेवाल्यांना उगाच अभिमान वाटतो. १९६२ मधील 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' या ग्रंथात त्यांनी आपल्या गावांतला म्हसोबा आणि महिषासुर यांचे नाते दाखवले. आता पाहा, ज्याच्या नावावरून या शहराला म्हैसूर म्हणतात, तो चामुंडी टेकडीवर तलवार घेऊन उभा आहे, देवीच्या हातून मेलेला असुर म्हणून. आणि आपल्या गावी, शेताच्या बांधावर, त्याच्याच जातकुळीच्या दगडाला आपण शेंदूर लावून नारळ फोडतो. हे कळायला दोन्ही ठिकाणी राहावे लागते, आणि आपण लष्कर मोहल्ल्यातील मराठी माणसे तशी राहतो. बाहेरच्या कोणी येऊन यांतले एकच खरे म्हटले, तर दोघांवर अन्याय होईल.

अ‍ॅझ्टेकांवर तसा अन्याय झाला. केत्झालकोआत्ल परत आला असे समजून राजा मोक्तेसुमा कोर्तेसला शरण गेला, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. कोर्तेसने स्वतः लिहिलेल्या पत्रांत त्या देवाचे नावही नाही. ती कथा पराभवानंतर काही दशकांनी आकाराला आली, आणि भोळ्या लोकांनी राज्य हातचे घालवले असा तिचा सूर झाला. खरे काय झाले? मे १५२० मध्ये तोश्कात्लचा उत्सव चालू होता. राजगिऱ्याच्या पिठाची विट्झिलोपोच्त्लीची मूर्ती घडवली होती, तरुण नाचत होते. आल्वारादोच्या हुकमावरून स्पॅनिश शिपायांनी आवाराचे दरवाजे अडवले आणि नाचणाऱ्यांची कत्तल केली. उत्सवाची तयारी करताना हा प्रसंग मला आठवल्याशिवाय राहत नाही. अशा पिठाच्या मूर्ती सणानंतर फोडून प्रसाद म्हणून वाटून खात. आजही मेक्सिकोत लाह्या आणि पाक घालून राजगिऱ्याच्या वड्या करतात, आपल्या चिक्कीसारख्याच. तिला ते 'आलेग्रिया', म्हणजे आनंद, म्हणतात.

ऑगस्ट १७९० मध्ये शहराच्या मुख्य चौकात फरसबंदीचे काम चालू असता कोआत्लिकुएची प्रचंड मूर्ती निघाली. सापांचा घागरा, गळ्यात हात आणि हृदयांची माळ. काली ज्यांनी पाहिली त्यांना ती बीभत्स वाटणार नाही. मूर्ती विद्यापीठाच्या आवारात ठेवली. तेव्हा गावोगावचे मूळ रहिवासी गुपचूप येऊन तिच्यापुढे मेणबत्त्या आणि फुले ठेवू लागले. अडीचशे वर्षांपेक्षा जास्त काळ लोटला होता, तरी ओळख बुजली नव्हती. अधिकाऱ्यांनी घाबरून मूर्ती पुन्हा पुरली. १८०३ मध्ये हुम्बोल्ट या जर्मन प्रवाशासाठी ती उकरली आणि त्याची पाहणी झाल्यावर परत पुरली! यापेक्षा १९६७ सालचे उदाहरण बरे. भुयारी रेल्वेच्या पिनो सुआरेझ स्थानकाच्या खोदकामात वायुदेव एहेकात्लचे गोल देऊळ लागले. त्या इंजिनियरांनी ते हलवले नाही, स्थानकच त्याच्याभोवती बांधले. प्रवासी गाडी बदलताना रोज त्याच्या शेजारून जातात आणि स्थानकाच्या चिन्हातही तेच देऊळ आहे. खात्यात सांगण्यासारखी गोष्ट आहे ही.

२१ डिसेंबर २०१२ च्या 'जगबुडी'बद्दल दोन ओळी. माया दीर्घगणनेचा आरंभ इ.स.पूर्व ३११४ मधला, आपल्या कलियुगाचा ३१०२ मधला. बारा वर्षांचाच फरक म्हणून पुष्कळांनी धागे जोडले. पण त्यांचे आवर्तन १८,७२,००० दिवसांचे, म्हणजे सुमारे ५१२५ वर्षांचे, आणि कलियुग ४,३२,००० वर्षांचे. गेजच वेगळे, डबे कसे जोडणार? शिवाय पालेंके येथील एका लेखात थेट इ.स. ४७७२ सालचा एक वर्धापनदिन नोंदवला आहे. २०१२ ला जग संपणार असते तर त्यांनी पुढचे कशाला मोजले असते?

आता घराजवळचे. इथून सुमारे ३५ किलोमीटरवर सोमनाथपूरचे केशव मंदिर आहे. तेराव्या शतकात होयसळ राजा तिसऱ्या नरसिंहाचा सेनानी सोमनाथ याने ते बांधले. २०२३ मध्ये बेलूर, हळेबीडसह ते जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्याच्या भिंतींवरील काही मूर्तींच्या हातांत कणसासारखी वस्तू आहे, दाण्यांच्या ओळी असलेली. १९८९ मध्ये जोहानसेन आणि पार्कर या अमेरिकन अभ्यासकांनी जाहीर केले, की हा मका आहे, म्हणजे कोलंबसच्या आधीच अमेरिका आणि म्हैसूर यांचे दळणवळण होते. जगभर चर्चा झाली. १९९३ मध्ये पायक आणि सचान या भारतीय मकातज्ज्ञांनी उत्तर दिले : ते कणीस नव्हे, मोत्यांनी मढवलेले काल्पनिक फळ, 'मुक्ताफळ' आहे. मराठीत मुक्ताफळे उधळणे म्हणजे काय ते आपण जाणतो, इथे मात्र शब्द मूळ अर्थाने घ्यायचा. पोर्तुगीजांच्या आधीचा, सर्वांना मान्य होईल असा मक्याचा दाणा भारतातल्या उत्खननात अद्याप मिळालेला नाही. माझे मतही मुक्ताफळाच्या बाजूचे. देवाच्या हातात मोती शोभतात, आणि होयसळ शिल्पी मोती कोरण्यात कोणालाही हार जाणारे नव्हते.

तरी कोणी माझ्यावर विश्वास ठेवू नये. विसर्जनानंतरच्या रविवारी मुलांना घेऊन सोमनाथपूरला जावे. वाटेवर 'मुसुकिन जोळ' म्हणून भाजलेली कणसे विकायला असतात, त्यांतले एक न भाजलेले, कच्चे मागून घ्यावे. त्याच्या दाण्यांच्या उभ्या ओळी मोजाव्यात. मक्याच्या कणसात त्या आठ, दहा, बारा, चौदा अशा समच असतात. मग मूर्तीच्या हातातील फळ जवळून पाहावे, दाणे ओळीत आहेत की विटांच्या बांधकामासारखे एकाआड एक, हे मुलांनाच सांगू द्यावे. आणि कणीस परत येताना भाजून खावे, मीठ, लिंबू आणि तिखट लावून. त्यातले तिखटही तिकडचेच.